हाताला बसणारं पिस्तूल

२० ऑगस्ट २००६, रविवार

गुरुवारी दुकानात दरोडा पडला. आज रविवार. अजून एकानेही मला धड विचारलेलं नाही की बाबा रे, तू कसा आहेस. म्हणून ही वही काढली. वही निदान मध्येच दुसरा विषय काढत नाही.

दुकान म्हणजे आमचं इथलं, अमेरिकेतल्या अर्विंगमधलं किराणा दुकान. आमचं म्हणायची पद्धत. कागदावर ते दीपाचं आणि तिच्या धाकट्या भावाचं, श्रीरंगचं आहे, कारण पैसे सासऱ्यांचे. टेलिकॉममधली माझी नोकरी गेली तेव्हापासून मी तिथे पोती उचलतो आणि 'पार्टनर' म्हणवून घेतो.

दोघं आले, तोंडाला रुमाल. एकाने पिस्तूल माझ्याकडे केलं आणि म्हणाला, खाली. मी खाली झालो. पोह्यांची पोती आणि बासमती यांच्या मध्ये, फरशीवर, पालथा. श्रीरंग काउंटरवर होता. 'येस सर, येस सर' करत त्याने गल्ला रिकामा करून दिला, वर त्यांना पिशवीही दिली. आमचा मेव्हणा गिऱ्हाईक सोडत नाही.

पोलीस आले, लिहून घेतलं, गेले. दीपाने घरी आल्यावर श्रीरंगला मिठी मारली आणि मला म्हणाली, "शर्ट बदल, मागे सगळी धूळ आहे." धूळ पुढे होती. मी पालथा होतो.

२ सप्टेंबर, शनिवार

आज मंडळाच्या गणपतीत श्रीरंगने दरोड्याची गोष्ट सांगितली. साभिनय. मसालेभाताची प्लेट बाजूला ठेवून कार्पेटवर पालथा पडून दाखवला तो. "आणि आमचे भावजी असे! पोह्याच्या पोत्याला मिठी मारून!" दोनशे माणसं हसली. दीपाही हसली. ती म्हणते हसली नाही, पण मी बघत होतो.

घरी आल्यावर मी लाडवांचा डबा आपटला. भिंतीवर, कुणाच्या अंगावर नाही. भिंतीला पोचा आला, डबा जसाच्या तसा. भारतातलं स्टील. रुहीने आपल्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. अकरा वर्षांची पोर, अमेरिकन शाळेत जाते, एवढ्यातेवढ्याला घाबरते.

ठरवलं. पिस्तूल घ्यायचं. पुन्हा कोणी मला 'खाली' म्हणणार नाही.

३ सप्टेंबर, रविवार

दीपाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. मग गॅस बंद करून म्हणाली, "शैलेंद्र, नीट ऐक. पिस्तूल ह्या घरात आलं तर मी आणि रुही ह्या घरात नाही. मी भांडत नाहीये. सांगतेय."

हे बायकांचं असंच. लहानपणी ही लक्ष्मी बॉम्बला कानात बोटं घालून माजघरात पळायची, तिच्या आईनेच सांगितलंय. यंत्राची भीती ही अज्ञानातून येते. चांगलं, भरवशाचं पिस्तूल बघितलं की जाईल. नाही तर काय, बायको आणि मुलगी घर सोडून जातात होय पिस्तुलासाठी?

१० सप्टेंबर, रविवार

नकुलबरोबर नेमबाजीच्या रेंजवर गेलो. नकुल हा मंडळातल्या नीलांबरीताईंचा मुलगा, इथेच जन्मलेला, इन्शुरन्स कंपनीत आहे. सव्वीस-सत्तावीसचा असेल. पिस्तुलांचा नाद आहे त्याला. मराठी समजतं, बोलतो मात्र इंग्लिश, आणि वरणभात मागताना तेवढं अस्खलित मराठी येतं.

पितृपक्ष आहे, त्यामुळे खरेदी नाही. नुसतं बघायचं.

तो म्हणाला, "काका, फॉर अ फर्स्ट गन, गेट अ नाइन मिलिमीटर. लेस किक." मी म्हणालो, पंचेचाळीस कॅलिबरच्या खाली मी हात लावणार नाही. श्रीरंग परवा जेवताना म्हणाला होता, भावजींना नाइन पुष्कळ झालं. ह्यानंतर नाइन घेणं शक्य आहे का?

तीन भाड्याने घेतली. तिन्ही पंचेचाळीस, तिन्हींचा खालचा सांगाडा प्लास्टिकचा. पॉलिमर म्हणायचं म्हणे. मी म्हणालो, पॉलिमर म्हणजे प्लास्टिकच ना, आमच्या बादल्या असतात ते? नकुल हसला. हे पोरगंही हसतं.

पहिलं. मूठ एवढी जाड की हातात वीट धरल्यासारखं वाटतं. आत दोन रांगांत गोळ्या बसतात म्हणून ती रुंद. माझं बोट घोड्यापर्यंत जेमतेम पोचतं आणि पोचवायला गेलं की पकड ढिली होते. कुठल्या तरी सहा फुटी माणसासाठी बनवलेलं. ह्या देशातल्या सगळ्या वस्तू तशाच आहेत, खुर्चीपासून कमोडपर्यंत. पण गोळ्या मात्र एकही न अडकता सुटल्या.

दुसरं. मूठ सुरेख. मागचा भाग काढून लहान-मोठा घालता येतो. लहान घातला आणि हात मिळवल्यासारखी बसली. धक्काही सौम्य. पण तिसऱ्याच मॅगझीनला, म्हणजे गोळ्यांच्या डबीला, गोळी अडकली. रिकामं टरफल बाहेर पडता पडता स्लाइडमध्ये, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागात, उभं राहिलं.

तिसरं. मूठ ठीक, पहिल्यापेक्षा बारीक, दुसऱ्याएवढी गोड नाही. मुठीच्या मागे एक पट्टी आहे, हाताने ती दाबली गेली तरच घोडा चालतो. धक्का मनगटात येतो. अडकलं नाही.

तर असा पेच आहे. जे हाताला बसतं ते दगा देतं आणि जे दगा देत नाही ते हाताला टोचतं. लग्नाआधी मुली बघताना कोणी एवढा विचार केला असता तर.

१७ सप्टेंबर, रविवार

आज दीपा स्वतःहून म्हणाली, "मीही येते." माझा अंदाज खरा ठरतोय.

दुसरं पिस्तूल पुन्हा घेतलं, कारण मूठ माझ्या डोक्यातून जात नव्हती. माझ्या हातात ते चार वेळा अडकलं. मी काउंटरवर जाऊन त्या माणसाला चांगला झापला, की बिघडलेला माल भाड्याने देता. नकुलने मला बाजूला घेतलं. "काका, इट्स नॉट द गन. यू आर लिंप रिस्टिंग." म्हणजे मनगट सैल पडतं, पिस्तुलाला मागून भक्कम आधार मिळत नाही, म्हणून स्लाइड पुरती मागे जात नाही. मी म्हणालो, माझं मनगट वीस किलोची पोती उचलतं.

"मला दे," दीपा म्हणाली.

कानावर ते मोठे मफ्स, डोळ्यांवर चष्मा, साडेपाच नंबरचा पाय पुढे. तिने सगळं मॅगझीन सोडलं. एकदाही अडकलं नाही. सगळ्या गोळ्या कागदावरच्या माणसाच्या छातीत, बशीएवढ्या जागेत. मग पिस्तूल खाली ठेवून तिने मफ्स काढले. नकुल म्हणाला, "काकू, दॅट्स इन्सेन!" तिला आनंद झालेला दिसला नाही.

गाडीत मी विचारलं, "गेली ना भीती?"

ती म्हणाली, "पिस्तुलाची भीती मला कधीच नव्हती."

मग नुसती खिडकीबाहेर बघत बसली. म्हणजे गाडं रुळावर येतंय. दुसरं पिस्तूल मात्र बाद. बायकोच्या हातात चालतं आणि माझ्या हातात अडकतं, असली वस्तू मी घेणार नाही.

२३ सप्टेंबर, शनिवार

घटस्थापना. तिसरं घेतलं. कंफर्टमध्ये थोडी तडजोड, भरवशाला शंभर टक्के.

दीपाला सांगितलं की घरी आणत नाही, दुकानाच्या मागच्या खोलीत टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवेन. तिने विचारलं, "किल्ली कोणाकडे?" मी म्हटलं, माझ्याकडे, आणखी कोणाकडे? तिने मान हलवली. होकाराची होती की कसली, कळलं नाही, पण तिने बॅगा भरल्या नाहीत. आपण थोडं वाकलो, ती थोडी वाकली, संसार असाच चालतो.

श्रीरंगने पिस्तूल हातात घेऊन तोललं आणि म्हणाला, "जड आहे हो भावजी. चोर थांबेल ना तोपर्यंत?" आणि हसत पनीर लावायला गेला. ह्याचं 'भावजी' माझ्या डोक्यात जातं. मधात बुडवून मारलेला जोडा.

१ ऑक्टोबर, रविवार

आज खंडेनवमी. सांगलीला आमच्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये आज लेथ धुऊनपुसून, तेल घालून, हळदकुंकू लावून पूजा व्हायची. दिवसभर कुठल्या यंत्राला हात लावायचा नाही. मी इथे इतकी वर्षं कीबोर्डची पूजा केली. काय पूजा करायची ती कीबोर्डची? आज पहिल्यांदा घरात, म्हणजे दुकानात, खरं शस्त्र आहे.

रीतसर केली. नकुलने गन ऑइलची बाटली दिली होती, पण त्यात कुठल्या जनावराची चरबी असेल सांगता येत नाही, देवाला ते कसं चालायचं? शेल्फवरून खोबरेल तेल घेतलं, आपल्याकडे काय कमी आहे. वडील म्हणायचे यंत्राला तेल हात आखडून घालू नये. पिस्तूल उघडून, जिथे म्हणून भोक दिसलं तिथे घातलं, गोळीच्या बुडाला टोचणारी सुई असते तिच्या नळीतही. मग हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. पाटावर ते काळं पिस्तूल इतकं शोभून दिसलं की डोळे भरून आले.

रुहीला दाखवायला बोलावलं. ती दारातूनच म्हणाली, "कॅन आय गो वेट इन द कार?"

१२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीच्या गर्दीत लिहायला सवड नव्हती. रेंजवरही जाणं नाही. पण सराव सोडलेला नाही. नकुलने प्लास्टिकची खोटी काडतुसं दिली आहेत, ती घालून मागच्या खोलीत रोज हात चालवतो. घोडा ओढला आणि गोळी सुटली नाही तर काय करायचं, त्याची कवायत आहे. खालून मॅगझीनवर थाप मारायची, स्लाइड खस्सकन मागे ओढायची, म्हणजे न उडालेलं काडतूस बाहेर पडतं आणि नवीन आत येतं, की पुन्हा ओढ. विचार करायचा नाही. नकुल म्हणतो, हात आपोआप चालला पाहिजे. आता चालतो. झोपेतून उठवलं तरी चालेल.

९ डिसेंबर, शनिवार

श्रीरंग दुकान विकतोय.

विकतोय म्हणजे विकलंच. दुपारी जेवायला आला आणि भात कालवता कालवता म्हणाला, "भावजी, एक ऑफर आली होती. ताईने आणि मी साइन केलं. जानेवारीअखेर हँडओव्हर." पापडाचा तुकडा मोडावा तसं सांगितलं.

मी दीपाकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुला आधी सांगणार होते. धीर झाला नाही."

धीर! मी काय वाघ आहे? मी ओरडलो, हे खरं. टेबल थोडं हललं, आमटी सांडली. श्रीरंग उठून मध्ये उभा राहिला, दीपाच्या आणि माझ्या मध्ये, जसा काही मी तिला काही करणार होतो. म्हणाला, "भावजी, शांत व्हा. ताई घाबरते तुम्हाला." मी म्हणालो, ती कशाला घाबरते? तिला विचार! ती काही बोलली नाही. बघा. एक शब्द बोलली नाही ती त्याच्या बाजूने.

रुही मैत्रिणीकडे झोपायला गेली. हल्ली दर शनिवारी जाते.

पिस्तूल घरी आणू का म्हणून मनात आलं. आणलं नाही. मी शब्द पाळतो, माझ्या पाठीमागे सही करणाऱ्यांसारखा नाही.

श्रीरंगशी बोलणं बंद केलंय.

१५ जानेवारी २००७, सोमवार

आइस स्टॉर्म. रस्ते काचेसारखे, शाळा बंद. सकाळी उजाडताच मी दुकानात गेलो, पाइप फुटले तर बघायला हवं. दुकान विकलेलं असलं तरी अजून हातात आहे, आणि ह्या घराण्यात एवढी काळजी मीच करतो. हीटर बंद पडला होता. मागच्या खोलीत तर बोटं वाकत नव्हती. ट्यूब लावली आणि टेबलाशी बसलो होतो.

मागचं दार खडखडलं. मी ड्रॉवर उघडून पिस्तूल काढलं.

दार उघडलं. मी घोडा ओढला.

क्लिक. नुसतं क्लिक! इतक्या महिन्यांची पारख, इतकी तुलना, आणि ऐन वेळी क्लिक. पण मी गडबडलो नाही, ह्याचं माझं मलाच कौतुक वाटलं. हात आपोआप चालला. थाप, स्लाइड, पुन्हा नेम. ट्यूब चालू असल्याने नेम धरायला अडचण नव्हती, दीपाने विणलेली ती मरून कानटोपी तेवढी दिसत होती दारात. ओढला. पुन्हा क्लिक! पुन्हा स्लाइड ओढली, तर तिसरं काडतूस आत जाताना तिरकं होऊन अडकलं.

श्रीरंग होता. तोही पाइप बघायला आलेला. मला फोन करून येता येत नाही? मी फोन उचलत नाही हे कारण झालं का? कांद्याच्या पोत्यावर मटकन बसला, तोंड पिठासारखं पांढरं. आणि वर 'भावजी, मी आहे, भावजी, मी आहे' चाललेलं पहिल्यापासून. अशा वेळीसुद्धा भावजी!

मी म्हणालो, दचकलो, घोड्यावर हात पडला. चूक त्याची, दाराला धक्का देऊन येतात का? त्याने खाली वाकून फरशीवरचं काही उचललं आणि निघून गेला. त्या बर्फात गाडी घसरली त्याची, तरी थांबला नाही.

दीपाला घरी येऊन सगळं सांगितलं, तिला दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून. सांगताना पिस्तुलाचा इतका संताप आला होता की कंपनीला खरमरीत पत्र लिहायचं ठरवलं. ती उभीच होती. मग म्हणाली, "तो ठीक आहे ना?" त्याचंच पडलेलं असतं तिला. मी ठीक आहे का, नाही.

१६ जानेवारी, मंगळवार

रस्ते थोडे मोकळे झाले. पिस्तूल घेऊन नकुलकडे गेलो आणि त्याला चार शब्द सुनावले. हेच का ते शंभर टक्के भरवशाचं?

त्याने वर्तमानपत्र पसरून ते खोललं. आतली सुई बाहेर यायलाच तयार नाही. पेचकसाने ढकलली तेव्हा तिच्याबरोबर पांढरं, मेणासारखं काही तरी बाहेर आलं, मधे लाल-पिवळ्या रेघा. त्याने बोटावर घेऊन वास घेतला. "काका, इज धिस कोकोनट ऑइल?"

मी पूजेचं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. थंडीत खोबरेल गोठतं हे मला काय माहीत नाही? बाटली उन्हात ठेवण्यात बालपण गेलं. पण पिस्तुलात गोठेल हे कसं सुचणार? सुई त्या घट्ट तेलातून पुढे जायची, पण जोर राहायचा नाही. काडतुसाच्या बुडाला नुसती टिचकी.

"देअर्स नथिंग राँग विथ द गन," नकुल म्हणाला. कापसाने पुसत होता, अक्षतेचा एक कणही निघाला. "डिड धिस हॅपन अ‍ॅट द रेंज?"

मी हो म्हणालो. कशाला नसती चर्चा.

"गुड," तो म्हणाला. "थँक गॉड इट वॉज ओन्ली पेपर."

त्याने नळीत चांगलं तेल घालून परत जुळवून दिलं. म्हणाला, आता उडणार म्हणजे उडणार. मी ते पुन्हा दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं नाही. का कोण जाणे, हातात घ्यावंसं वाटेना. गाडीच्या डिकीत राहू दिलं.

परत येताना सिग्नल हिरवा झाला तरी माझी गाडी तिथेच उभी होती. मागचे हॉर्न वाजवत राहिले आणि मी कोणाला शिवीही दिली नाही.

१७ जानेवारी, बुधवार

सकाळी चहा घेत होतो. दीपा समोर येऊन बसली. मूठ उघडली आणि माझ्या बशीशेजारी दोन काडतुसं ठेवली. बुडाशी बारीक खळगा, दोन्हींना. श्रीरंगने उचललेली तीच ही. काल तो येऊन तिच्याजवळ देऊन गेला, मी नकुलकडे असताना.

"पहिलं मला समजतं," ती म्हणाली. "दार एकदम उघडलं. दचकलास. कोणीही दचकेल."

मी हो म्हणालो. हेच तर मी सांगत होतो.

"दुसरं?"

मी म्हणालो, ती कवायत असते, हात आपोआप चालतो, नकुलला विचार.

"ट्यूब लावली होतीस. टोपी दिसली, तूच म्हणालास. आणि तो काय म्हणत होता, तेही तूच परवा सांगितलंस मला. पहिल्यापासून म्हणत होता म्हणालास. वर भावजी म्हणतो, म्हणून चिडला होतास." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बोलता आलं असतं. "मग दुसरं कशाला, शैलेंद्र?"

मी उत्तर शोधलं. खरंच शोधलं. पिस्तुलात शोधलं, थंडीत शोधलं, दुकानाच्या सहीत शोधलं. ती थांबली होती, सतरा वर्षं थांबते तशी. त्याचा आवाज मी ओळखला होता. तो आवाज ऐकूनच तर हात चालला. हे मी इथे लिहितोय, तिच्यापुढे तोंडातून निघालं नाही. पण ती माझ्याकडेच बघत होती, आणि तिला ते ऐकायची गरज उरलेली नाही हे मला दिसलं.

दारात दोन बॅगा होत्या. चहा घेताना माझं लक्ष गेलं नव्हतं.

रुही जाकीट घालून जिन्यावरून खाली आली. हल्ली ती माझ्या खुर्चीला वळसा घालून जाते. तशीच गेली आणि टेबलाशी थांबली.

"आई, हूज आर दोज?"

दीपाने काडतुसं उचलून बॅगेच्या वरच्या कप्प्यात टाकली.

"मामाची," ती म्हणाली आणि चेन ओढून घेतली.